बेअर आयलंडभोवतीचा फ्रंट ऑगस्टमध्ये खरंच तुटतो का?

मुंबईत एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्राच्या पश्चिम तोंडाशी असलेल्या बेअर आयलंडच्या (नॉर्वेजियन लोक त्याला ब्यॉर्नया म्हणतात) आसपासचा खुला डेटा तिने प्रोजेक्टसाठी घेतला आहे. उपग्रहाच्या तापमान नकाशात एप्रिलमध्ये बेटाच्या दक्षिणेला गरम आणि थंड पाण्यामधली रेघ, म्हणजेच फ्रंट, ठसठशीत दिसते, ऑगस्टमध्ये ती जवळजवळ पुसली जाते. तिनं विचारलंय, "उन्हाळ्यात मिश्रण वाढलं आणि फ्रंट तुटला, असं लिहू का? आणि तापमान-क्षारतेच्या आलेखात माझे बिंदू दोन पाण्यांना जोडणाऱ्या रेषेवर पडत नाहीत. म्हणजे डेटा खराब आहे का?"

दोन्हींचं उत्तर बहुतेक "नाही" असंच आहे. पण ते का, हे समजून घेतलंत तर प्रोजेक्ट अर्धा तिथेच होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

फ्रंट कुठे आहे हा एक प्रश्न आणि पाणी किती मिसळतंय हा दुसरा. तुमच्या वाक्यात हे दोन्ही एकमेकांत अडकलेत. नकाशावर ठळक रेघ दिसली की तिथे जोरदार मिश्रण चाललंय, आणि रेघ फिकी झाली की मिश्रणानं ती पुसली, असं आपण सहज धरून चालतो. पावसाळ्यात वर्सोव्याच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उभ्या राहा. खाडीचं गढूळ पाणी आणि बाहेरचं हिरवट पाणी यांच्यामध्ये फेसाची, काटक्या-कचऱ्याची एक स्पष्ट रेघ दिसेल. ती टिकते, कारण ओहोटी खाडीचं नवीन पाणी सतत पुढे रेटत असते आणि दोन्ही बाजूंचं पाणी त्या रेघेकडे येत असतं. मिश्रण तर तिथेही चालूच असतं, पण पुरवठा त्याच्यावर मात करतो. रेघेचा ठळकपणा पुरवठा आणि मिश्रण यांच्यातली चढाओढ दाखवतो. एकट्या मिश्रणाचं माप त्यातून निघत नाही. म्हणून कुठलाही फ्रंट पाहिला की माझा पहिला प्रश्न असतो: याला इथे धरून कोणी ठेवलंय?

बेअर आयलंडच्या बाबतीत याचं उत्तर समुद्राच्या तळात आहे. हे बेट जेमतेम १७८ चौरस किलोमीटरचं, ७४.५ अंश उत्तर अक्षांशावरचं. ते स्पिट्सबर्गन बँक नावाच्या उथळ पठाराच्या दक्षिण टोकाला आहे. पठारावर खोली अनेक ठिकाणी शंभर मीटरच्या आत, काही भागांत तर ३०-४० मीटरच. बेटाच्या दक्षिणेला तळ उतरत जाऊन बेअर आयलंड ट्रफ नावाच्या रुंद दरीत ४००-५०० मीटरपर्यंत पोचतो. नॉर्वे आणि बेट यांच्यामधून सरासरी सेकंदाला सुमारे २० लाख घनमीटर अटलांटिक पाणी आत येतं. ते तुलनेनं गरम आणि खारट असतं, क्षारता (किलोभर पाण्यातलं मीठ, ग्रॅममध्ये) ३५ च्या वर. पठारावर ईशान्येकडून येणारं आर्क्टिक पाणी शून्याखालचं आणि कमी खारट, साधारण ३४.३ ते ३४.८. ही दोन पाणी जिथे भेटतात तो बॅरेंट्स समुद्राचा ध्रुवीय फ्रंट. बेटाच्या आसपास तो वर्षानुवर्षं जवळजवळ त्याच समखोली रेषांना (सारख्या खोलीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना), साधारण २०० ते २५० मीटरच्या उताराला, चिकटून राहतो.

का चिकटतो? पृथ्वी फिरते, त्यामुळे पाण्याच्या उभ्या स्तंभालाही फिरकी असते. खोलातला स्तंभ उथळाकडे सरकला तर तो दबून बुटका होतो आणि त्याची फिरकी बदलावी लागते. ४०० मीटरचा स्तंभ ५० मीटरवर चढवायचा तर फिरकीत आठपट फरक. एवढा बदल घडवायला बाहेरून जबरदस्त जोर लागतो. तो नसला की प्रवाह सोपी वाट धरतो, म्हणजे खोली न बदलता समखोली रेषेच्या कडेकडेनं वाहतो. अटलांटिक पाणी दरीच्या उतारावरून असंच वळत जातं आणि आर्क्टिक पाणी पठाराच्या कडेनं बेटाला वळसा घालतं. फ्रंट म्हणजे या दोन वाटांमधला बांध. तळ ऋतूप्रमाणे बदलत नाही, म्हणून फ्रंटची जागाही ऋतूप्रमाणे फारशी बदलत नाही. तुमच्या "ऑगस्टमध्ये तुटला" या वाक्याला पहिला धक्का इथेच बसतो.

दुसरी गोष्ट तापमानाच्या नकाशात दिसत नाही, आकडेमोड केली की दिसते. अटलांटिक पाणी ५ अंश, क्षारता ३५.०५ धरा. आर्क्टिक पाणी उणे १ अंश, ३४.५० धरा. पृष्ठभागाच्या दाबाला पहिल्याची घनता येते घनमीटरला सुमारे १०२७.७१ किलो, दुसऱ्याची १०२७.७५. तापमानात सहा अंशांचा फरक, तरी घनता जवळजवळ सारखीच, कारण थंडीनं आलेला जडपणा कमी मिठानं खाऊन टाकला. याला घनता-भरपाई झालेला फ्रंट म्हणतात. आता दोन्ही पाणी निम्मंनिम्मं मिसळा: २ अंश, ३४.७७५. घनता येते सुमारे १०२७.७९, म्हणजे दोन्ही मूळ पाण्यांपेक्षा जास्त! तापमानाचा घनतेवरचा परिणाम सरळ रेषेत चालत नाही, म्हणून हे होतं. मिसळलेलं पाणी जड होऊन खाली सरकायला बघतं. ही गणना तुम्ही स्वतः करून पाहाच. फ्रंटजवळच्या खालच्या थरात थोडं जड पाणी दिसलं, तर ते कुठल्या तिसऱ्या ठिकाणाहून आलं असं लगेच लिहू नका. ते तिथेच तयार झालेलं असू शकतं.

आता ऑगस्ट. या भागात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फाची कडा बऱ्याचदा फ्रंटच्या आसपासच थांबते, कारण पलीकडचं गरम पाणी बर्फ टिकू देत नाही. उन्हाळ्यात तो बर्फ वितळतो, शिवाय उत्तरेकडून वाहत आलेला बर्फ पठारावर येऊन वितळतो. वितळलेल्या गोड्या पाण्याचा दहा-वीस मीटरचा पातळ थर वर पसरतो. चोवीस तासांचं ऊन तो थर तापवतं. मग फ्रंटच्या दोन्ही बाजूंचा वरचा थर तापमानाला जवळजवळ सारखाच होतो आणि उपग्रहाला तर फक्त कातडीच दिसते. खाली ५० मीटरवर, १०० मीटरवर फ्रंट जसाच्या तसा असतो. म्हणजे तुमच्या नकाशातली रेघ मिश्रणानं पुसलेली नाही. तिच्यावर पांघरूण आलंय. गंमत अशी की हे पांघरूण मिश्रण कमी असल्याचंच लक्षण आहे. वारा-लाटांनी वरचं पाणी खोलवर घुसळलं असतं तर एवढा पातळ थर टिकला नसता.

मुंबईच्या समुद्राची सवय असलेल्यांनी इथे एक फरक लक्षात ठेवावा. २८ अंशांच्या आपल्या पाण्यात तापमान एका अंशानं वाढलं की घनता जेवढी कमी होते, तेवढी शून्य अंशाच्या पाण्यात होत नाही. तिथला परिणाम साधारण सहाव्या हिश्शाचा. म्हणून ध्रुवाजवळ थर बनवण्याचं काम मुख्यतः मीठ करतं, उष्णता नाही. तिथल्या पाण्याचा स्थिरपणा नुसता तापमान पाहून ठरवणं म्हणजे हिशोबातली मोठी बाजू सोडून देणं. क्षारतेचा छेद, म्हणजे खोलीप्रमाणे ती कशी बदलते त्याचं चित्र, आधी काढा, तापमानाचा नंतर.

नकाशाच्या बारकाईबद्दलही बोलायला हवं. ढगांतून पाहणाऱ्या मायक्रोवेव्ह उपग्रहांची नजर पंचवीस-पन्नास किलोमीटरची. इन्फ्रारेडची नजर एक किलोमीटरची, पण उन्हाळ्यात तिथे ढग आणि धुकं कायमचं, म्हणून दिवसेंदिवस भरून काढलेले, गुळगुळीत केलेले नकाशे मिळतात. पाव अंशाच्या चौकोनांवर काढलेली अनेक वर्षांची सरासरी घेतलीत तर उत्तर-दक्षिण एक चौकोन २८ किलोमीटरचा झाला. फ्रंट प्रत्यक्षात काही किलोमीटर रुंद असतो. तो आज इकडे, उद्या पाच किलोमीटर तिकडे झुलला आणि महिन्याची सरासरी काढली, तर कागदावर एक रुंद, मऊ "मिश्रण पट्टा" तयार होतो. तसा पट्टा एकाही दिवशी समुद्रात नसतो. प्रबंध तपासताना ही चूक मला सर्वात जास्त वेळा दिसते, आणि मुलांपेक्षा तयार नकाशे देणाऱ्यांची जबाबदारी यात मोठी आहे असं माझं मत आहे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: फ्रंट तळाच्या उतारानं धरलेला आहे, घनतेनं नाही. ऑगस्टमध्ये तो झाकला जातो. आणि त्याची रुंदी मोजायची तर सरासरी नकाशा चालत नाही, एकाच फेरीतला छेद लागतो.

मग मिश्रण कुठे होतं? होतं, आणि भरपूर होतं, पण मुख्यतः पठारावर, भरती-ओहोटीच्या प्रवाहांमुळे. बेटाभोवतीच्या उथळ भागात हे प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही जोरात वाहतात. तळाशी घासून ते पाणी घुसळतात. हे घुसळणं वरपर्यंत पोचेल का, याचा एक साधा अंदाज सिम्पसन आणि हंटर या समुद्रशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये आयरिश समुद्रासाठी दिला. खोलीला प्रवाहाच्या वेगाच्या घनानं भागा. उत्तर लहान आलं तर पाणी वरपासून खालपर्यंत एकजीव, मोठं आलं तर थर टिकतात. तिथली सीमा पाचशेच्या आसपास निघाली होती. ४० मीटर खोली आणि अर्धा मीटर वेग घेतला तर ३२० येतात, म्हणजे एकजीव. ३०० मीटर खोली आणि ०.१ मीटर वेग घेतला तर तीन लाख येतात, म्हणजे भरती-ओहोटी तिथे वरच्या थराला हातही लावू शकत नाही. मात्र ही सीमा उन्हानं तापणाऱ्या समुद्रासाठी काढलेली आहे. जिथे वितळलेल्या बर्फाचं पाणी थर बनवतं तिथे ती तशीच्या तशी लावू नका. कुठला भाग कुठल्या बाजूला पडतो, एवढं पाहायला ती वापरा.

यातून निघणारी गोष्ट तुमच्या प्रोजेक्टचा गाभा होऊ शकते. उन्हाळ्यात इथे दोन फ्रंट असू शकतात. एक उतारावरचा ध्रुवीय फ्रंट, पाण्याच्या दोन जातींमधला, बारमाही. दुसरा पठारावर, भरतीनं घुसळलेलं एकजीव पाणी आणि शेजारचं थरांचं पाणी यांच्यामधला, हंगामी. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना मूळ पाणी एकच असू शकतं, फक्त एका बाजूला ते ढवळलेलं. ऑगस्टच्या नकाशात तुम्हाला बेटाजवळ थंड पाण्याचा डाग दिसत असेल तर तो बहुतेक हाच. खालचं थंड पाणी वर आलेलं. त्याला ध्रुवीय फ्रंटचा तुटलेला तुकडा समजू नका. पठारावर खालची पोषकद्रव्यं वर येण्यात याच घुसळणीचा मोठा वाटा आहे. बेटाच्या कड्यांवर समुद्रपक्ष्यांच्या उत्तर गोलार्धातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक आहे, आणि त्या पक्ष्यांना पोसणारा समुद्र हाच.

या बेटाची आणखी एक खासियत आहे, ती मला फार आवडते. चंद्राची मुख्य भरती १२.४२ तासांनी येते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे मोकळ्या सोडलेल्या पाण्याला गोल फेरी मारायला लागणारा वेळ अक्षांशावर ठरतो. मुंबईत तो जवळजवळ ३७ तास, ध्रुवावर १२ तासांच्या किंचित आत. ७४.५ अंशांवर तो नेमका १२.४२ तास होतो, म्हणजे भरतीची लय आणि पाण्याची स्वतःची लय बेअर आयलंडपाशी जुळतात. परिणाम दोन. तळाच्या घर्षणाचा थर इथे खूप जाड होतो, कारण प्रवाहाचा घड्याळाच्या दिशेनं फिरणारा भाग लयीत सापडतो. आणि या अक्षांशाच्या उत्तरेला भरतीनं उठवलेल्या अंतर्गत लाटा (पृष्ठभागाखाली, पाण्याच्या थरांमधून जाणाऱ्या) मोकळेपणानं दूर जाऊ शकत नाहीत, त्यांची शक्ती जवळच खर्ची पडते. आपल्याकडे मुंबईच्या समुद्रबूड जमिनीच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेला उठलेली अशी लाट लांबवर प्रवास करू शकते. म्हणून इकडच्या समुद्रातला मिश्रणाचा आकडा उचलून तिकडे लावता येत नाही.

आता तुमचे बिंदू. दोन पाणी मिसळली आणि मध्ये काहीच घडलं नाही, तरच बिंदू सरळ रेषेवर पडतात. तिथे तर तिसरं पाणी आहे, वितळलेल्या बर्फाचं. तीन टोकं आली की बिंदू त्रिकोणात पसरणार. शिवाय अटलांटिक पाणी वाटेत हवेला उष्णता देतं, तेव्हा त्याचं तापमान उतरतं पण मीठ तेवढंच राहतं. आलेखात तो बिंदू सरळ खाली सरकतो. हिवाळ्यात पठारावर बर्फ गोठताना मीठ बाहेर टाकलं जातं, तेव्हा बिंदू गोठणबिंदूच्या रेषेला धरून उजवीकडे सरकतात. हे सगळे ठसे तुमच्या ढिगात असतील. म्हणून बिंदूंना खोलीप्रमाणे रंग द्या. वरचे तीस मीटर बाजूला काढले तर उरलेले बिंदू दोन पाण्यांच्या रेषेजवळ येतात का ते बघा. आले, तर डेटा चांगला आहे आणि खालचा फ्रंट शाबूत आहे. तीन पाण्यांचे हिस्से काढायचे तर तापमान, क्षारता आणि "तिन्हींची बेरीज एक" अशी तीन समीकरणं पुरतात. मात्र तापमान वरच्या थरात विश्वासाचं नाही, म्हणून तिथले हिस्से मी स्वतः लिहिणार नाही, जोवर ऑक्सिजनच्या समस्थानिकांसारखं दुसरं माप हाताशी नाही.

एका ठिकाणी मात्र डेटा खरंच फसवतो. अशा फ्रंटमध्ये गरम-खारट आणि थंड-गोडसर पाण्याच्या जिभा एकमेकांत घुसतात, काही मीटर ते काही दहा मीटर जाडीच्या. सीटीडी (विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजणारं, दोरानं पाण्यात सोडायचं यंत्र) खाली जाताना एका क्षणात दोन-तीन अंशांची उडी घेतो. तापमानाचा आणि विद्युतवाहकतेचा सेन्सर एकाच वेगानं प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे क्षारतेत खोटे काटे उगवतात. त्या काट्यांतून घनता काढली की जड पाणी वर आणि हलकं खाली असं दिसतं, आणि उत्साही विद्यार्थी त्याला उलथापालथ समजून मिश्रण मोजायला बसतो. सेन्सरचा वेळफरक जुळवल्याशिवाय अशी उलथापालथ मोजू नका. फक्त खाली जातानाचा छेद घ्या, आणि जहाज हेलकावल्यामुळे यंत्र मागे-पुढे गेलेला भाग गाळा. खुल्या डेटामध्ये बहुधा एका मीटरची सरासरी दिलेली असते, तिच्यातून तर हे मोजणं सोडूनच द्या.

मिश्रणाचा खरा आकडा हवा असेल तर सूक्ष्म खळबळ मोजणारं यंत्र लागतं. त्यातून ऊर्जेच्या ऱ्हासाचा दर मिळतो, आणि ऑसबॉर्न या समुद्रशास्त्रज्ञानं १९८० मध्ये दिलेल्या सूत्रानं, म्हणजे त्या दराच्या ०.२ पटीला थरांच्या स्थिरतेनं भागून, मिश्रणाचा गुणांक. पठारावर पाणी एकजीव असतं तिथे स्थिरता शून्याजवळ जाते आणि सूत्र हास्यास्पद मोठे आकडे देतं. तिथे ते वापरू नये. तुमच्याकडे हे यंत्र नाही, पण काळाचा अंदाज तुम्ही देऊ शकता. ५० मीटरचा थर मिसळायला लागणारा वेळ म्हणजे ५० चा वर्ग भागिले गुणांक. शांत खोल पाण्यातला गुणांक एकाच्या एक लाखाव्या भागाएवढा (चौरस मीटर प्रति सेकंद) धरला तर आठ वर्षं लागतात. हजाराव्या भागाएवढा धरला तर एक महिना. शंभराव्या भागाएवढा, जसा जोरदार भरतीच्या उथळ जागी असू शकतो, तर तीन दिवस. पाणी त्या जागी किती दिवस राहतं, याच्याशी हे ताडून पाहा. एप्रिल ते ऑगस्ट चार महिने आहेत, म्हणजे उतारावरचं मिश्रण फ्रंट पुसायला पुरेल की नाही, हे तुम्हाला एका ओळीत तपासता येईल.

काही गोष्टी त्या-त्या वर्षावर अवलंबून आहेत आणि त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही: त्या वर्षी पठारावर बर्फ किती आला, वारा कुठून होता, छेद उधाणाला घेतला की भांगाला. वारा फ्रंटला उतारावरून खरंच हलवू शकतो. २००६ च्या हिवाळ्यात बेटाच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेच्या वाऱ्यांनी वरचं पाणी बाहेर ढकललं आणि अटलांटिक पाणी समुद्रबूड जमिनीवर चढून फियोर्डपर्यंत (जमिनीत घुसलेल्या अरुंद, खोल खाडीपर्यंत) शिरलं. भारताचं इंडआर्क हे मूरिंग (तळाला नांगरून ठेवलेली मोजणी-यंत्रांची साखळी) २०१४ पासून तिथल्याच कोंग्सफियोर्डमध्ये आहे. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून त्याचा डेटा मिळाला तर तुलना जरूर करा. पण ते फियोर्डचं पाणी आहे, भोवती जमीन आहे. तिथला ऋतुचक्राचा निष्कर्ष उघड्या समुद्रातल्या बेटाच्या पठारावर चिकटवू नका.

तेव्हा अहवालात "मिश्रण वाढलं" हे वाक्य सध्या काढा. त्याऐवजी ५० आणि १०० मीटरवरचे एप्रिल आणि ऑगस्टचे छेद शेजारी ठेवा, त्याच मापपट्टीवर, खाली तळाची रेषा काढून. फ्रंट २०० ते २५० मीटरच्या उतारावर दोन्ही महिन्यांत सापडला तर तुमचा निष्कर्ष पृष्ठभागावरच्या पांघरुणाचा आहे, आणि तोही पुरेसा मोलाचा आहे. सापडला नाही, तर छेदाची तारीख, त्या आठवड्याचा वारा आणि स्टेशनांमधलं (जहाज थांबून मोजणी केलेल्या जागांमधलं) अंतर मला कळवा. अंतर दहा किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर फ्रंट दोन स्टेशनांच्या मध्ये राहून गेला असण्याची शक्यता मी सगळ्यात आधी तपासेन.